तपासातली तीस वर्षं

महाराष्ट्र पोलीस दलात ‘डिटेक्टिव्ह’ नावाचं पद नाही. शिपाई आहे, हवालदार आहे, सहायक फौजदार आहे. त्यांच्यावर उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक, आणि पुढे उपअधीक्षकापासून महासंचालकापर्यंतची शिडी आहे. राज्य गुप्तवार्ता विभागात अधिकाऱ्यांची थेट भरती होते, पण त्यांचं काम माहिती काढून वर कळवण्याचं. गुन्हा उघडकीस आणायचा, पुरावा बांधायचा आणि तो कोर्टात टिकवायचा, एवढं सगळं करणारा माणूस कोणत्याही जाहिरातीतून भरला जात नाही. तो खात्यात आल्यावर घडतो, किंवा घडत नाही.

किनवट-गोकुंद्याच्या रस्त्यावर पहाटे सोळाशे मीटरची वेळ लावून धावणारी मुलं आणि आठशे मीटरचा सराव करणाऱ्या मुली दिसतात, तेव्हा हे हटकून आठवतं. गोळाफेकीसह मैदानी चाचणीला ५० गुण, लेखीला १००, मग गुणवत्ता यादी. या सगळ्याची त्यांना तोंडपाठ माहिती असते. भरती झाल्यावर काय करायचंय असं विचारलं तर बरीच जणं ‘एलसीबी’ म्हणतात. स्थानिक गुन्हे शाखा म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे साधे कपडे, जीप आणि वर्तमानपत्रातला फोटो. तिथवर पोचायला किती वर्षं लागतात आणि पोचल्यावर तिथे किती वर्षं राहता येतं, हे कोणत्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. शोधक पोलीस एखाद्या गाजलेल्या खुनाने घडत नाही. हद्द, भाषा आणि कागद यांची वर्षानुवर्षं सवय लागून तो घडतो. ही सवय लागायला लागणारा वेळ आपलं खातं त्याला सहसा देत नाही. ज्याला तो मिळतो, त्याची सगळी शिदोरी निवृत्तीच्या दिवशी त्याच्याबरोबर घरी जाते. हे दोन्ही बदलण्यासारखं आहे.

किनवटपासूनच सुरुवात करू, कारण तपासाचं शिक्षण देणारी यापेक्षा चांगली हद्द मराठवाड्यात मला दुसरी दिसत नाही. नांदेडहून सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर. एका अंगाला पैनगंगा आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या अंगाला तेलंगणातलं आदिलाबाद. मधे सागवानाचं जंगल. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग गावातून जातो, आणि रुळावर काही घडलं की प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे. जंगलात तोड झाली तर वन विभाग आधी येतो, दारूत राज्य उत्पादन शुल्क. सीमा ओलांडून गेलेल्या मालासाठी तेलंगणा पोलिसांकडे पत्र घेऊन जावं लागतं. किनवट, मांडवी, इस्लापूर या ठाण्यांत नवा आलेला उपनिरीक्षक पहिल्या महिन्यातच शिकतो की चोरी करणाऱ्याला हद्द नसते, ती फक्त आपल्याला असते.

त्यात भाषा. या टापूत गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशी वस्ती आहे. बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि दखनी चालते, तांड्यावर गोरमाटी, पाड्यावर गोंडी किंवा कोलामी. जबाब मात्र मराठीत लिहिला जातो. कोलामी बोलणारी बाई जे सांगते ते दुभाष्याच्या तोंडून हवालदाराच्या कानावर येतं, हवालदार ते सरकारी मराठीत उतरवतो, आणि दोन-तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात आरोपीचा वकील तिला विचारतो, ‘तुम्ही पोलिसांना असं सांगितलं होतं का?’ ती खरं बोलून ‘नाही’ म्हणते आणि खटला ढासळतो. आपण तिला फितूर म्हणून मोकळे होतो. खरी चूक जबाब लिहिला त्या दुपारी झालेली असते. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा आणि साठ दिवसांत संपवायचा असा नियम आहे. नियम योग्यच आहे, पण त्या अधिकाऱ्याला पाड्यावरची भाषा येत नसेल तर दर्जा एकटा पुरा पडत नाही.

ठाण्यातलं शोधाचं काम जिथे चालतं त्याला कागदोपत्री ‘गुन्हे शोध पथक’ म्हणतात. बोलताना सगळे ‘डीबी’ म्हणतात. एक अधिकारी, चार-पाच अंमलदार, साधे कपडे. मोटारसायकली, घरफोड्या, मोबाइल, शेतातल्या मोटारी, जनावरं हा त्यांचा रोजचा माल. बाहेरून हे काम किरकोळ वाटतं, पण खरं शिक्षण इथेच होतं. कडीकोयंडा तोडून आत शिरला की कौलं काढून उतरला, देवघरातली चांदी घेतली की तिला हात लावला नाही, रात्रपाळीची गस्त कोणत्या वळणावरून परत फिरते हे त्याला माहीत होतं का, यावरून जुना अंमलदार दोन-तीन नावांवर येतो. त्याला ‘पद्धत’ म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नसतं. वीस वर्षांचे पंचनामे त्याच्या डोक्यात रचलेले असतात. गावोगावचे पोलीस पाटील त्याला नावानिशी ओळखतात. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला हा पाटील आजही किनवटसारख्या भागात पोलिसांचा पहिला कान आहे. तो फोन करतो तो ठाण्याला नव्हे, ज्याच्यावर विश्वास आहे त्या जमादाराला.

हे काही आजचं नाही. मराठवाड्यात शोधकामाचा इतिहास ब्रिटिश मुंबईइतकाच जुना आहे, फक्त आपण तो सांगत नाही. निजामाच्या राज्यात नोकरी केलेल्या फिलिप मेडोज टेलरने ठगांवरची आपली प्रसिद्ध कादंबरी १८३९ साली काढली, तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीची हकीकत आहे. १८३० च्या सुमारास हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी राहत होता. साहेब लोकांचा त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचंय म्हणून त्याने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. मग ते कापड घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारलं आणि त्याच परवान्यावर माल छावणीत आणून विकला. तो ठगांच्या टोळीचा म्होरक्या होता हे पुढे कळलं. त्या खुनांचा उलगडा झाला तो पकडला गेल्यावर त्याने स्वतः दिलेल्या कबुलीतून. इंग्रज अधिकारी स्लीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठगीविरुद्ध जी मोहीम चालवली तिचा कणा माफीचा साक्षीदार हाच होता. एकाला फोडायचं, त्याच्याकडून नावं घ्यायची, वंशावळी लिहून काढायच्या, त्यावरून पुढचा पकडायचा. ही युक्ती आपल्या तपासात तिथून मुरली, आणि तिची धारही तितकीच धोक्याची राहिली. हा मुद्दा पुढे मानवतमध्ये पुन्हा येणार आहे.

निजामी अमलात फौजदाराला ‘अमीन’ म्हणत, कागद उर्दूत असत. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत किनवट नांदेडला जोडलं गेलं. म्हणजे या एका तालुक्याने एका पिढीच्या आत दोन पोलीस दलं, दोन सरकारी भाषा आणि दोन जिल्हे पाहिले. नोंदींची सलगता तुटते ती अशी. जुनी नावं एका लिपीत, नवी दुसऱ्या. नातेवाईक सीमेच्या दोन्ही बाजूंना, फायली दोन राजधान्यांत. पुढे आदिलाबादच्या जंगलातून नक्षलवाद्यांचा वावर सुरू झाला आणि नांदेड जिल्ह्याचं नावही नक्षलप्रभावित जिल्ह्यांत घेतलं जाऊ लागलं, तेव्हा या तुटक्या सलगतेची किंमत मोजावी लागली. डोंगरापलीकडच्या गावात कोण कुणाचा मामा लागतो, हे सांगणारा कागद कोणत्याही ठाण्यात नव्हता.

मराठवाड्याच्या तपासाच्या इतिहासातलं सर्वांत मोठं प्रकरण मात्र किनवटपासून दूर, परभणी जिल्ह्यातल्या मानवतला घडलं. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४. बाहत्तरचा दुष्काळ, खडी फोडायला गेलेली गावं, रिकामे वाडे. या चौदा महिन्यांत एकामागून एक खून होत राहिले. दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, चार बाया आणि एक वर्षभराचं मूल. गुप्तधन आणि मूल मिळावं म्हणून दिलेले नरबळी, असं सरकार पक्षाचं म्हणणं होतं. गावात इतकी भीती होती की माहिती असणाराही बोलेना, आणि संशय गावातल्या वजनदार घरापर्यंत पोचत होता. या तपासाशी रमाकांत कुलकर्णींचं नाव कायमचं जोडलं गेलं. मुंबईत १९६८ साली रमन राघव या मालिका खुन्याच्या प्रकरणात ते गुन्हे शाखेचे उपायुक्त होते. पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले आणि निवृत्तीनंतर आपल्या तपासांवर पुस्तकंही लिहिली. २०२४ साली मानवत खुनांवर वेबमालिका आली तेव्हा नव्या पिढीला हे नाव कळलं. त्यात आशुतोष गोवारीकरांनी कुलकर्णींची भूमिका केली होती.

मानवतचा तपास आजच्या पोराने दोन कारणांसाठी वाचावा असं मला वाटतं. पहिलं, सुट्या सुट्या खुनांत एक सूत्र आहे हे ओळखण्यासाठी सगळे पंचनामे एकत्र मांडून कुणीतरी बसावं लागतं. ज्या त्या गुन्ह्याचा स्वतंत्र तपास करणाऱ्या ठाण्याला ते जमत नाही, कारण त्याच्या टेबलावर त्याच वेळी दुष्काळाचा बंदोबस्तही असतो. दुसरं कारण कोर्टातलं. खटला माफीच्या साक्षीदारांवर आणि कबुलीजबाबांवर उभा होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर दिलेला निकाल पुढे सरन्यायाधीश झालेल्या यशवंतराव चंद्रचूडांनी लिहिला आहे. गुन्ह्यातल्या साथीदाराच्या एकट्याच्या शब्दावर विसंबणं धोक्याचं, त्याला स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, हे त्यात पुन्हा बजावलं आहे. आजही माफीच्या साक्षीदाराचा प्रश्न आला की वकील हाच निकाल काढतात. ठगीच्या मोहिमेतून आलेल्या पद्धतीचा हिशेब दीडशे वर्षांनी मराठवाड्यातल्या खटल्यात असा मांडला गेला.

याच जागी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ठगीच्या मोहिमेतून जन्मलेली ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात गेली. कायदा १९५२ साली रद्द झाला, सवय मात्र गेली नाही. मराठवाड्यात दरोडा पडला की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, हे अजून घडतं. मी याला तपास मानत नाही. दोन दिवसांत कुणीतरी आत दिसावा, यासाठी गरिबाच्या झोपडीवर टाकलेला तो छापा असतो, आणि त्यात खरा गुन्हेगार निर्धास्तपणे सीमेपार जातो. ज्याला लांब पल्ल्याचा शोधक व्हायचंय त्याने या सवयीपासून पहिल्या वर्षीच दूर व्हावं. पुढच्या तीस वर्षांत जे लोक त्याला खरी माहिती देणार आहेत, त्यातले निम्मे याच पालांवर राहतात.

लांब कारकिर्दीचा उपयोग काय, याचं उत्तर मुंबईतल्या दोन घटनांत मिळतं. रमन राघवला ऑगस्ट १९६८ मध्ये रस्त्यात ओळखलं ते ॲलेक्स फियाल्हो नावाच्या उपनिरीक्षकाने, खिशातल्या जुन्या फोटोवरून. राघव आधीही पोलिसांच्या हाती लागून सुटला होता. त्याची वेगवेगळी नावं आणि बोटांचे ठसे दप्तरात होते, म्हणून तो कोण हे सिद्ध करता आलं. पहिल्या अटकेच्या वेळी कुणीतरी नीट केलेली नोंद दुसऱ्या वेळी कामाला आली. मुंबई पोलिसांतल्या मधुकर झेंडेंचं उदाहरण याच्याही पुढचं आहे. १९७१ साली त्यांनी चार्ल्स शोभराज या कुख्यात गुन्हेगाराला मुंबईत पकडलं होतं. मार्च १९८६ मध्ये तो तिहार तुरुंगातून पळाला, तेव्हा त्याचा चेहरा, चाल, सवयी जवळून पाहिलेला अधिकारी म्हणून झेंडेंना पाठवलं गेलं. ६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात त्यांनी त्याला दुसऱ्यांदा धरलं. पंधरा वर्षं एकाच शहराच्या गुन्हे तपासात राहिलेल्या माणसाच्या आठवणीची ती किंमत होती. झेंडे सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. २०२५ साली त्यांच्यावर चित्रपट आला, तोवर महाराष्ट्रातल्या बहुतेक तरुणांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण याच्या उलट बाजूने शिकवतं. जानेवारी १९७६ मध्ये महाविद्यालयातला एक तरुण बेपत्ता झाला. त्यानंतर शहरात दोन कुटुंबं संपवली गेली, आणि मार्च १९७७ मध्ये आणखी एका तरुणाचा मृतदेह नदीत सापडल्यावर सगळी साखळी उलगडली. बेपत्ता तरुण, दोन्ही कुटुंबं आणि हा शेवटचा खून, सगळ्यांच्या मागे एकच चार जण होते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली. ‘मिसिंग’ची नोंद हा ठाण्यातला सर्वांत दुर्लक्षित कागद असतो. पोरगं पळून गेलं असेल, पोरगी कुणाबरोबर गेली असेल, असं म्हणून तो बाजूला पडतो. किनवटमध्येही ऊसतोडीला, वीटभट्टीला, हैदराबादला गेलेल्या माणसांच्या अशा नोंदी आहेत. त्या नोंदी वर्षातून दोनदा काढून पुन्हा वाचणारा अंमलदार मला कोणत्याही पदकविजेत्याइतका मोलाचा वाटतो.

आता वैविध्याकडे. तपासाच्या नोकरीत एकाच प्रकारचं काम तीस वर्षं करावं लागत नाही, हे तिचं मोठं सुख आहे. डीबीतून एलसीबी, तिथून पुण्यात मुख्यालय असलेला राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, दहशतवादविरोधी पथक, आर्थिक गुन्हे शाखा, लोहमार्ग, सायबर. प्रत्येक ठिकाणचा पुरावा वेगळा असतो. लाचेच्या सापळ्यात पावडर लावलेली नोट आणि पंचासमोर झालेलं संभाषण महत्त्वाचं. पतसंस्थेच्या अपहारात तीन वर्षांची खतावणी वाचावी लागते आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा पाठ असावा लागतो. मराठवाड्यात मल्टिस्टेट सोसायट्या बुडाल्या तेव्हा हिशेब वाचू शकणाऱ्या पोलिसांची किती वाण आहे हे हजारो ठेवीदारांनी अनुभवलं. बोटांच्या ठशांचं काम तर आयुष्यभर पुरणारं. या शास्त्राचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली कोलकात्यात निघालं आणि ते उभं करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांचा मोठा वाटा होता. पोलीस अधिकारी मीरां बोरवणकरांनी १९९४ साली जळगावच्या वासनाकांडाच्या तपासात काम केलं आणि दहा वर्षांनी मुंबई गुन्हे शाखेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. बोलायला घाबरलेल्या मुलींचा जबाब घेणं आणि टोळीयुद्धाचा तपास चालवणं, ही दोन्ही कामं एकाच कारकिर्दीत बसतात. किनवटच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलींना मी हे नाव आवर्जून सांगतो.

पण या वैविध्याला आपल्याकडे मार्ग नाही, बदल्या आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४-१५ च्या सुमारास झालेल्या सुधारणेनुसार उपनिरीक्षक ते निरीक्षक या अधिकाऱ्यांचा सर्वसाधारण कार्यकाळ ठाण्यात दोन वर्षं, जिल्ह्यात चार, परिक्षेत्रात आठ. स्थानिक गुन्हे शाखेत आणि विशेष शाखेत तीन. शिपाई-हवालदारांना एका जागी पाच. मनमानी बदल्यांपासून संरक्षण मिळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात जे आदेश दिले, त्यांच्या पाठोपाठ हे कलम आलं. हेतू चांगला होता. पण किनवटला आलेला उपनिरीक्षक पहिलं वर्ष रस्ते आणि नावं शिकण्यात घालवतो, दुसऱ्या वर्षी उपयोगी पडू लागतो आणि तिसऱ्या वर्षी जातो. त्याच निकालात न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा असंही सांगितलं होतं. ते लहान ठाण्यांपर्यंत पोचलेलं नाही. गणपती, निवडणूक, मोर्चा, माहूरची यात्रा, मंत्र्यांचा दौरा, प्रत्येक बंदोबस्तात पहिला उचलला जातो तो साध्या कपड्यातला माणूस, कारण तो ‘मोकळा’ दिसतो. त्याच्या कपाटातल्या केस डायऱ्या त्या दिवसांत कोऱ्या राहतात.

म्हणून खरं सातत्य राहतं ते हवालदाराकडे. त्याच्या बाजूने गेल्या काही वर्षांत दोन चांगले निर्णय झाले. २०२२ साली पोलीस नाईक हे पद रद्द करून बढतीचे टप्पे आखले गेले, त्यामुळे शिपाई म्हणून लागलेला माणूस दीर्घ सेवेअंती उपनिरीक्षकाचा दर्जा घेऊन निवृत्त होऊ शकतो. आणि २०२५ साली राज्याने ठरवलं की पदवीधर, सात वर्षं सेवा झालेल्या आणि नाशिकच्या गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण विद्यालयातला सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या शिपायालाही किरकोळ गुन्ह्यांचा तपास स्वतंत्रपणे करता येईल. माझ्या मते या शतकातला तपासाच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. किनवटच्या मुलाला साहेब होईपर्यंत थांबावं लागणार नाही. तिशीच्या आत त्याच्या नावावर स्वतंत्र तपास असू शकेल. मात्र सहा आठवडे पुरेसे नाहीत, आणि तो शिकून आला की त्याला बंदोबस्ताच्या यादीत पुन्हा पहिला टाकला तर काही बदलणार नाही.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि कामाची रीतच पालटली. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं, तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायचं. नांदेडला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. तरी तिथून इस्लापूरच्या शिवारात पाऊस लागण्याआधी पथक पोचणं ही रस्त्याची गोष्ट आहे, कायद्याची नाही. त्या मधल्या चार-पाच तासांत घटनास्थळ राखणारा शिपाईच खरा तज्ज्ञ ठरतो. त्याने गर्दी हटवली, रक्ताच्या डागावर पालथं घमेलं ठेवलं, कुणी काय उचललं ते टिपून ठेवलं, तरच पुढचं शास्त्र कामाचं. मोबाइलच्या नोंदींचंही तसंच. एप्रिल २०२२ मध्ये नांदेडात बांधकाम व्यावसायिक संजय बियाणी यांच्या घरासमोर त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली, त्या तपासाचे धागे सीसीटीव्ही आणि फोनवरून परराज्यांत गेले. आज प्रत्येक तपास अधिकारी आधी सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, मागवतो. त्यात गैर काही नाही. पण टॉवरच्या यादीतली चारशे नावं घेऊन बसलेल्या साहेबाला त्यातलं एक नाव वाचून ‘हा इथला नाही, हा लग्नालाही येत नाही, त्या रात्री कसा आला?’ असं सांगणारा जमादारच लागतो. यंत्राने यादी लांबवली, ती आखूड करायला अजून माणूसच हवा.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जुन्या कायद्यातल्या कलम २७ वरून खात्यात अजूनही सगळे त्याला ‘सत्ताविसचा पंचनामा’च म्हणतात. मारहाण करून घेतलेल्या कबुलीने गुन्हा ‘डिटेक्ट’ होतो आणि खटला मरतो, हे सांगायला कायद्याचा अभ्यास लागत नाही. कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येक अंमलदाराला ते ठाऊक असतं. तरी मारहाण चालते, कारण वरून ‘डिटेक्शन’ विचारलं जातं, शिक्षा किती झाल्या हे फार उशिरा विचारलं जातं.

मोठ्या यंत्रणांकडे तपास गेला की सगळं ठीक होतं, हाही समज टिकत नाही. नांदेडच्या पाटबंधारे नगरात ६ एप्रिल २००६ रोजी झालेल्या स्फोटाचा तपास स्थानिक पोलिसांकडून दहशतवादविरोधी पथकाकडे आणि तिथून सीबीआयकडे गेला. जवळपास एकोणीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, हयात असलेले आरोपी निर्दोष सुटले. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. पुणे पोलिसांकडून तपास सीबीआयकडे गेला, १० मे २०२४ च्या निकालात दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. निकालात तपासावर ताशेरे आहेत. दाभोलकरांच्या खुनानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात पोलीस निरीक्षकाला दक्षता अधिकारी केलं आहे. पन्नास वर्षांपूर्वी मानवतमध्ये जे गाव गप्प बसलं होतं, तिथे आज खून होण्याआधीच हात घालण्याचा अधिकार ठाणेदाराला आहे. हा अधिकार वापरायला भगताच्या अंगणात काय चाललंय हे कळावं लागतं, आणि ते कळायला पुन्हा तोच गावात रुळलेला माणूस लागतो. तपास हातोहात फिरला की प्रत्येक फेऱ्यात काहीतरी गळतं. कागद पुढे जातो, कागद लिहिणाऱ्याचा अंदाज मागे राहतो.

या सगळ्या आढाव्यातून माझा निष्कर्ष मराठवाड्यापुरता मांडतो. ज्या अंमलदारांना शोधाची आवड आहे त्यांना परिक्षेत्राच्या आत, नांदेड-लातूर-परभणी-हिंगोली एवढ्या टापूत, पंधरा वर्षं तपासाच्याच कामावर फिरवावं. जागा बदलावी, काम बदलू नये. त्यांना बंदोबस्तातून वगळावं. सीमेवरच्या ठाण्यात नेमणूक हवी असेल तर तेलुगू आणि गोंडी येणाऱ्याला आधी संधी द्यावी आणि भाषेच्या परीक्षेला भत्ता जोडावा. नव्याने भरती होणाऱ्या मुलांनाही एवढंच सांगतो की धावण्याबरोबर लिहायला शिका. पंचनाम्यात चार दिशा नीट लिहिता येणारा, नकाशा काढता येणारा, आपल्याच लिखाणावर दोन वर्षांनी साक्ष देताना न अडखळणारा पोलीस फार थोडा आहे आणि त्याला कधीच रिकामं बसावं लागत नाही.

आणि एक विनंती वरिष्ठांना. महाराष्ट्रात पोलीस ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. किनवट, माहूर, मांडवी, इस्लापूर इथून जो जमादार या वर्षी निवृत्त होईल, त्याला शाल-श्रीफळ दिल्यानंतर एक आठवडा नाशिकच्या शाळेत शिकवायला पाठवा. त्याला व्याख्यान येणार नाही. त्याच्यासमोर दहा जुने पंचनामे ठेवा, तीस पोरं बसवा, आणि तो काय म्हणतो ते कुणीतरी लिहून घ्या.